चाकांवरच्या घराची मोरी

नवे घर घेतले की माणसाला आधी दिवाणखाना सुचतो, मोरी सर्वांत शेवटी. मग ते घर चाळीतले असो, बंगला असो, नाहीतर मोटारीच्या मागे बांधून ओढत न्यायचे असो. इंग्लंडात या शेवटच्या प्रकाराला कॅरॅव्हॅन म्हणतात. गेल्या वर्षी आम्ही ती घेतली. विक्रेत्याने गाद्या दाबून दाखवल्या, पडदे सरकवून दाखवले, शेगडी पेटवून दाखवली. पाणी आत कुठून येणार आणि खरकटे पाणी कुठे जाणार, हे विचारले तेव्हा तो किंचित गोंधळला. "त्या नळ्या वेगळ्या घ्याव्या लागतात," एवढेच तो म्हणाला आणि पुन्हा पडद्यांकडे वळला.

त्या "वेगळ्या घ्याव्या लागणाऱ्या" नळ्यांचा मी महिनाभर अभ्यास केला. वाचकहो, हसू नका. आमच्या पहिल्या प्रवासात पाच महिन्यांची नात बरोबर येणार होती, आणि तिच्या बाटलीतले दूध ज्या पाण्यात कालवायचे ते याच नळीतून येणार होते.

ही चैन काही आजची नाही. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारी डॉक्टराने ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्यातून 'वाँडरर' नावाची घोड्यांची गाडी हौसेने बांधून घेतली आणि तीत राहून तो थेट स्कॉटलंडपर्यंत गेला. पुढचा रस्ता मोकळा आहे की नाही हे पाहायला त्याचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जात असे. त्या काळी गाडीतले पाणी बादलीने येई आणि बादलीनेच जाई. नळ्यांचा प्रश्नच नव्हता. हौशी लोकांचा क्लब १९०७ मध्ये निघाला आणि त्यानंतर गाड्यांत हळूहळू सिंक आली, न्हाणी आली, गरम पाणी आले. सुखसोय वाढली तसा नळ्यांचा व्यापही वाढला.

आता मूळ व्यवस्था सांगतो. गाडीच्या बाहेर एक गडगडत नेता येणारे पिंप असते. बहुतेकांकडे असते ते 'ॲक्वारोल', त्यात ४० लिटर पाणी मावते. तळाच्या नळावर जाऊन ते भरायचे, दांडीने ढकलत आणायचे आणि त्यात छोटा विजेचा पंप सोडायचा. पंपाची नळी गाडीच्या पोटातल्या तोंडाला जोडली की आतल्या नळाला पाणी येते. दुसऱ्या बाजूला खरकटे पाणी साठवायचा चपटा डबा. तो चपटा का, ते पुढे कळेल. नळ अगदी गाडीशेजारीच असेल तर लांब नळी लावून पिंप आपोआप भरत ठेवता येते. आपल्याकडे संडासाच्या टाकीत जो तरंगता चेंडू असतो, तसलाच चेंडू पिंपाच्या तोंडाशी बसवतात.

आमचा पहिला वाद या लांब नळीवरून झाला. मुलगा म्हणाला, "बाबा, बागेतली नळी आहे की! पन्नास फूट आहे, फुकट आहे. पाणी ते पाणी."

मुंबईच्या चाळीत सार्वजनिक नळाला रबरी नळी लावून पिंप भरत वाढलेल्या माणसाला हे म्हणणे पटायला हरकत नव्हती. पण पाणी ते पाणी नसते. इथल्या नळाच्या पाण्यात थोडे क्लोरीन असते. बागेच्या साध्या नळीतल्या रबरात किंवा प्लॅस्टिकमध्ये फेनॉलसारखी द्रव्ये असली, तर दोहोंचा संयोग होऊन पाण्याला दवाखान्यासारखा वास येतो. फार थोड्या प्रमाणातही जिभेला तो कळतो. आणि गंमत अशी की गार पाण्यात तो कळला नाही तरी चहात हमखास कळतो. एका मुक्कामावर शेजारच्या गृहस्थांनी मोठ्या आग्रहाने आम्हाला चहा पाजला होता. चहापत्ती उत्तम, दूध उत्तम, आणि चव जखम धुवायच्या औषधाची! बिचारे दोन दिवस चहापत्ती बदलत होते. नळीकडे त्यांचे लक्षच गेले नव्हते.

पाणी उकळले की जंतू मरतात, पण नळीतून उतरलेले द्रव्य उकळून जातेच असे नाही. मुलाला मी एवढेच म्हटले, "तुझ्या मुलीच्या दुधाला हा वास चालेल का?" त्यावर सूनबाईंनी बागेची नळी स्वतः उचलून पुन्हा खुंटीवर टांगली आणि वाद मिटला.

म्हणून पहिला नियम: पिण्याच्या पाण्याची नळी पिण्याच्या पाण्यासाठीच बनवलेली हवी आणि तसे तिच्यावर छापलेले हवे. नुसता रंग निळा असून भागत नाही. पारदर्शक नळी घेऊ नये. उजेड आत शिरतो आणि उन्हात चार दिवस पडली की आतून शेवाळ धरते. अर्ध्या इंचाचे पोट पुरते. लांबीच्या बाबतीत मात्र मोह आवरावा. अर्ध्या इंची नळीच्या दहा मीटरमध्ये सुमारे सव्वा लिटर पाणी राहते. दुपारी नळ बंद असताना ते उन्हात कोमट होत पडते आणि नंतर तेच आधी बाहेर येते. आमच्याकडे दोन लिटर पाणी गवतावर सोडून मगच पिंपाकडे तोंड वळवतात. नळी जितकी लांब, तितके हे उष्टे पाणी जास्त.

गुंडाळायची चपटी नळी दिसायला सुटसुटीत. पण ती पूर्ण उलगडल्याशिवाय पाणी पुढे सरकत नाही, आणि परत गुंडाळताना आतले पाणी पिळून काढावे लागते. एखाद्या पावसाळी सकाळी निघायची घाई असताना हा उद्योग करून पाहावा! मी गोल नळी घेतली.

दुसरी बाब जोडांची. कुठे नळाला आटे असतात, कुठे तो अगदी गुळगुळीत असतो. दोन्हींना चालतील असे जोड, चार वायसर आणि घट्ट आवळायच्या दोन पट्ट्या एका डब्यात असाव्यात. नळाशी उलट पाणी अडवणारी झडप आहे का, तेही पाहावे. रॉकेलच्या पिंपात नळी घालून एकदा तोंडाने ओढले की रॉकेल आपोआप वाहू लागते, हे आपल्या पिढीला सांगायला नको. मुख्य नळाचा दाब एकाएकी उतरला तर बुडवून ठेवलेल्या नळीतून तसेच घाण पाणी उलट नळात ओढले जाऊ शकते. इथल्या १९९९ च्या नियमांनी त्यावर बंदोबस्त मागितला आहे, तो उगीच नव्हे. नळीचे तोंड बादलीत बुडवून ठेवू नये, हे त्यातलेच घरगुती शहाणपण.

आता खरकट्या पाण्याकडे. इथे पंप नाही, सगळा कारभार उताराचा. गाडीच्या पोटाखाली दोन-तीन तोंडे असतात: एक सिंकचे, एक न्हाणीचे, कधी हात धुण्याच्या भांड्याचे. त्यांवर साधारण २८ मिलिमीटरची नळी चढते. वाय आकाराच्या जोडाने ती एकत्र करून डब्यात सोडायची. मीटरला अडीच सेंटिमीटर उतार मिळाला तर पाणी खळखळून जाते. गाडीचे पोट जमिनीपासून फार उंच नसते, म्हणून डबा चपटा. नळी लांब घेतली की ती मधे झोळीसारखी लोंबते आणि त्या झोळीत पाणी, भाताची शिते आणि तेल मुक्काम करतात.

दुकानात सर्रास मिळते ती वळ्यावळ्यांची नळी. हलकी, स्वस्त, हवी तशी वाकते. पण वळ्या आतूनही असतात. इंग्रजी स्वयंपाकाला ती कदाचित पुरे पडत असेल. आमच्या घरात रोज फोडणी होते. मोहरी, कढीपत्त्याची पाने आणि गार होऊन थिजलेली तुपाची साय एकेका वळीत बसते, आणि तिसऱ्या दिवशी त्या वासाने गाडीत बसवत नाही. अनेक गाड्यांत सिंकखाली पाणी धरून ठेवणारे वाकण नसते, त्यामुळे डब्यातला वास नळीतून चढून थेट ओट्यावर येतो. सिंकला बूच लावून ठेवणे हा एक उपाय. दुसरा उपाय सौभाग्यवतींचा: भांडी आधी कागदाने पुसायची, मगच पाण्याखाली धरायची.

मी आतून गुळगुळीत आणि बाहेरून पीळ असलेली नळी घेतली. ती जड आहे, महाग आहे, थंडीत वाकायला कुरकुरते. पण एक बादली गरम पाणी सोडले की आरपार स्वच्छ होते. गाडीखालच्या हातभर आडवळणाच्या जागी मात्र वळ्यांचीच नळी ठेवली, कारण तिथे दुसरी वळतच नाही. ती स्वस्त असल्यामुळे दर वर्षी बदलता येते.

संडासाचे पाणी या कशातच येत नाही, हे सांगितलेले बरे. इथल्या गाड्यांत त्याची वेगळी पेटी असते, ती ओढून काढायची आणि तळावर ठरवलेल्या जागी रिकामी करायची. अमेरिकेत मोठ्या गाड्यांना त्यासाठी तीन इंची जाड नळी लावतात. इथे मात्र पेटी धुण्याच्या जागी जी नळी टांगलेली असते, तिला पिण्याच्या पिंपाजवळ फिरकू देऊ नये. घाईत लोक तिनेच पिंप भरताना मी पाहिले आहेत!

प्रवास संपला की दोन्ही नळ्या निथळून घ्यायच्या. पिण्याच्या नळीची दोन्ही तोंडे एकमेकांत अडकवली की आत माती, कीटक जात नाहीत. हिवाळ्यात पाणी राहिले तर गोठून जोड फुटतात. ठेवायला सौभाग्यवतींनी दोन पिशव्या शिवल्या आहेत. स्वच्छ नळीची पिशवी त्यांच्या जुन्या निळ्या पातळाची, आणि खरकट्या नळीची माझ्या विजारीची.