कौल नको, खल हवा

नैतिक पेच घेऊन माणसं आता ऑनलाइन जमावापुढे उभी राहतात. त्यात गैर काही नाही. पण तिथे आपण काय मागतो आणि समोरचे काय देतात, हे त्या जागेच्या नियमांवर ठरतं.

'बहिणीच्या लग्नाला दिलेले पैसे परत मागितले, तर मी कोत्या मनाचा ठरतो का?' 'सासूबाईंचं ऑपरेशन असताना माहेरी राहिले, हे माझं चुकलं का?' असे प्रश्न पूर्वी फार तर एखाद्या मावशीच्या किंवा जिवलग मैत्रिणीच्या कानावर जायचे. आता ते टोपणनावाने मोबाइलवर लिहिले जातात आणि तासाभरात शे-दोनशे अनोळखी माणसं त्यावर मत देऊन मोकळी होतात. जाणत्यांचा आक्षेप ठरलेला असतो : घरातलं चव्हाट्यावर कशाला न्यायचं? आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचा रोख चुकला आहे. अनोळखी माणसाला विचारणं ही चूक नाही, कधीकधी तेच शहाणपणाचं असतं. बिघडतं ते विचारणारा निकाल मागू लागतो आणि उत्तर देणारे न्यायाधीश होतात तेव्हा. याचं खापर आपण लोकांच्या स्वभावावर फोडतो. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा त्या जागेच्या नियमांचा असतो, आणि नियम बदलता येतात.

परक्यापुढे मन मोकळं करण्याची रीत इंटरनेटने आणलेली नाही. लंडनमध्ये १६९१ साली जॉन डंटन या पुस्तकविक्रेत्याने 'अथीनियन मर्क्युरी' हे नियतकालिक काढलं, ते वाचकांच्या निनावी प्रश्नांना उत्तरं देण्यासाठीच. विज्ञान आणि धर्मशास्त्राबरोबर प्रेम, लग्न, दिलेला शब्द मोडणं असे प्रश्नही त्यात येत. मराठीत हे काम र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'ने केलं. १९२७ पासून १९५३ पर्यंत चाललेल्या या मासिकात वाचक लैंगिक आयुष्याविषयीचे असे प्रश्न पाठवत, जे घरात, वैद्यांपुढे किंवा मित्रांतही उच्चारण्याची सोय नव्हती. त्या उत्तरांपायी १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. कर्वे खटला हरले आणि त्यांना दंड झाला, तरी उत्तरं थांबली नाहीत. वाचक त्यांनाच का लिहीत होते, हे उघड आहे. जवळच्या माणसाचे आपल्या निर्णयात हितसंबंध असतात. नवरा, आई, भाऊ ही माणसं पेचाबाहेर नसतात, ती त्यातले पक्षकार असतात. परक्याला आपल्या निर्णयातून काही मिळवायचं नसतं आणि उद्या पंगतीत त्याच्या शेजारी बसायचंही नसतं. म्हणून त्याच्याशी खरं बोलता येतं.

मग फरक कुठे पडला? कर्वे स्वतःच्या नावानिशी उत्तर देत होते आणि त्याची किंमतही मोजत होते. आजच्या मंचांवर उत्तर देणारे हजारो असतात आणि किंमत कुणालाच मोजावी लागत नाही. याचा ठळक नमुना म्हणजे रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरचा 'ॲम आय द ॲसहोल' हा विभाग. सभ्य मराठीत त्याचं नाव 'यात नालायक मीच का?' असं होईल. २०१३ मध्ये एका अमेरिकी छायाचित्रकाराने तो सुरू केला. ऑफिसातल्या एसीच्या तापमानावरून झालेला वाद हे निमित्त होतं. रीत सोपी आहे. आपण आपली हकीकत मांडायची, वाचकांनी ठरलेल्या संक्षेपांत निकाल द्यायचा : तू दोषी, समोरचा दोषी, सगळेच दोषी, कुणीच नाही, किंवा माहिती अपुरी. अठरा तासांनी ज्या प्रतिसादाला सर्वाधिक मतं, त्याचा निकाल प्रश्नावर शिक्क्यासारखा बसतो. तिथल्या लाखो प्रश्नांचा संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा दिसलं की तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवतात तसे 'एकाला मारून पाचांना वाचवावं का' छापाचे पेच लोकांना पडत नाहीत. त्यांना छळतात ती नात्यांतली देणी : कुणासाठी किती करायचं, कुठे थांबायचं, काय सांगायचं आणि काय झाकायचं.

अशा देण्याघेण्याच्या प्रश्नावर बहुमताचा शिक्का मारणं दोन कारणांनी धोक्याचं आहे. एक, मतमोजणी वाटते तेवढी स्वतंत्र नसते. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका बातम्यांच्या संकेतस्थळावर एक लाखाहून जास्त प्रतिसाद त्यांनी निवडले आणि कोणताही गुणदोष न पाहता काहींना सुरुवातीलाच एक अनुकूल मत देऊन टाकलं. त्या एका फुकटच्या मतामुळे अशा प्रतिसादांचं अंतिम गुणांकन सरासरी पंचवीस टक्क्यांनी चढलं. म्हणजे शेकडोंचा कौल म्हणून जो समोर येतो, त्यात पहिल्या दोन-चार जणांच्या मागे लागलेली रांग किती, हे कळायला मार्ग नसतो. दुसरं, संतापाला भाव मिळतो. २०१७ मध्ये विल्यम ब्रॅडी आणि सहकाऱ्यांनी बंदुका, समलिंगी विवाह आणि हवामानबदल या विषयांवरचे ट्वीट तपासले. नैतिक आणि भावनिक धार असलेला प्रत्येक जादा शब्द मजकुराचा प्रसार सुमारे वीस टक्क्यांनी वाढवत होता. तो अभ्यास राजकीय विषयांचा होता, पण घरगुती प्रश्नावर त्याची छाया पडलेली कुणालाही दिसेल. 'थोडं थांबून विचार कर' हे वाक्य मतं खेचत नाही. 'असल्या नवऱ्याला आजच सोड' हे खेचतं.

एक उदाहरण रचून पाहू. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, विसरभोळेपणा आता आजाराच्या पायरीवर गेलेला. रात्री कडी काढून जिना उतरते. घर दोन खोल्यांचं, नवराबायको दोघं नोकरीला, धाकटा भाऊ परदेशात. मोठा मुलगा विचारतो : 'तिला वृद्धाश्रमात ठेवलं तर मी वाईट मुलगा ठरतो का?' निकाल देणाऱ्या गर्दीची उत्तरं आपण न वाचताही सांगू शकतो. अर्धे म्हणतील, जिने खस्ता खाल्ल्या तिला असं टाकतोस? उरलेले म्हणतील, तुझंही आयुष्य आहे, अपराधी वाटून घेऊ नकोस. दोन्ही उत्तरांनी त्याच्या हाती काहीच लागत नाही. आता दुसऱ्या तऱ्हेचे प्रतिसाद पाहा. आईला भान असतं त्या वेळी तिला स्वतःला काय हवंय, हे विचारलंत का? दुपारी घरी कोण असतं? भावाचा वाटा फक्त फोनवरच्या चौकशीचा आहे की पैशांचाही? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने पालनपोषणाची जबाबदारी मुलांवर टाकली आहे, ती फक्त थोरल्यावर नाही, हे भावाशी बोलला आहात का? तुम्ही पाहिलेल्या संस्थेत स्मृतिभ्रंशाचे रुग्ण घेतात का, कारण बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. महिनाभर ठेवून पाहण्याची सोय आहे का? यातला एकही प्रश्न त्याला चांगला किंवा वाईट ठरवत नाही. पण ते वाचल्यावर 'मी वाईट आहे का' हा मूळ सवाल मागे पडतो आणि 'आईसाठी नेमकं काय करता येईल' हा पुढे येतो. नैतिक चर्चेचं काम एवढंच असतं, आणि ते थोडं नाही.

असं प्रत्यक्षात घडू शकतं का? घडतं. त्याच रेडिटवर २०१३ मध्येच कॅल टर्नबुल या स्कॉटलंडच्या किशोरवयीन मुलाने 'चेंज माय व्ह्यू' म्हणजे 'माझं मत बदला' हा विभाग काढला. वापरणारे त्याच जातकुळीचे, टोपणनावंही तशीच, बदलले ते फक्त नियम. मत मांडणाऱ्याने ते बदलायची तयारी ठेवूनच यायचं आणि तीन तासांच्या आत चर्चेत परतायचं, नाहीतर त्याचा मजकूर काढला जातो. पहिल्या फळीतल्या प्रतिसादाने मताच्या एखाद्या बाजूला आव्हान दिलंच पाहिजे, नुसती री ओढायची नाही. समोरच्याच्या हेतूवर शंका घ्यायची नाही. आणि मत थोडं जरी हललं, तरी ज्याच्यामुळे हललं त्याला 'डेल्टा' हे चिन्ह द्यायचं, का हललं ते लिहून. इथे बक्षीस गर्दी देत नाही, विचारणारा देतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या चेनहाओ टॅन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या चर्चांचं विश्लेषण केलं. मूळ लेखकाने वापरलेल्याहून वेगळे शब्द आणणारा युक्तिवाद अधिक परिणामकारक ठरत होता. काही फेऱ्यांची देवाणघेवाण उपयोगी पडत होती, पण एकाच माणसाने पाच फेऱ्यांनंतरही हेका सोडला नाही, तर मत बदलण्याची शक्यता जवळजवळ संपत होती. आपलं मत 'मी' म्हणून मांडणाऱ्यांचं मन वळण्याची शक्यता 'आम्ही' म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त होती. 'आमच्यात असंच करतात' असं म्हणणाऱ्याचं मत सहज हलत नाही, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. तिथे ते मोजून दाखवलं गेलं.

यावर पहिला आक्षेप असा की, हकीकत शेवटी एकतर्फीच असते. सासूबाईंची बाजू कोण मांडणार? हा आक्षेप निकालाला लागू पडतो आणि पुरता लागू पडतो. एका बाजूच्या तोंडी कैफियतीवर शिक्षा सुनावणारं कोर्ट कुणीही मान्य करणार नाही. पण चर्चेला तो तितका लागत नाही. 'त्या वेळी सासूबाई नेमकं काय म्हणाल्या?' एवढं कुणी विचारलं, तरी गैरहजर माणसाला थोडी जागा मिळते. याच आक्षेपाचा दुसरा भाग मात्र निर्विवाद आहे. आईच्या आजाराची किंवा बायकोच्या गर्भपाताची गोष्ट जगापुढे मांडताना त्या माणसाची परवानगी कुणी घेतलेली नसते. गाव, वय, व्यवसाय, आजार एवढे तपशील एकत्र आले की नाव न लिहिताही ओळख पटते. त्यामुळे जे तपशील प्रश्नाच्या उत्तरावर परिणाम करत नाहीत ते लिहायचे नाहीत, ही किमान शिस्त पाळावी लागेल. ज्याला ती जमत नसेल, त्याने तो प्रश्न तिथे मांडू नये.

दुसरा आक्षेप टोपणनावांवर येतो. मुखवटा घातला की माणूस उद्दाम होतो, म्हणून खऱ्या नावांची सक्ती करा, असं सुचवलं जातं. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये ऑनलाइन मोकळेपणाच्या दोन बाजू दाखवल्या होत्या : त्यातून शिवीगाळ येते, तसंच एरवी ओठांवर न येणारं दुःखही बाहेर येतं. पुढे इस्रायलमध्ये नोआम लापिडोट-लेफ्लर आणि अझी बराक यांनी केलेल्या प्रयोगात, भांडण पेटवण्यात निनावीपणापेक्षा नजरेला नजर न भिडण्याचा वाटा मोठा आढळला. खऱ्या नावाने चालणाऱ्या आपल्या सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चालतं, ते पाहता यात नवल वाटायला नको. नावं उघड केली तर उद्दाम माणूस जागेवरच राहील आणि घरात मार खाणारी बाई मात्र लिहायची थांबेल. तोडगा नावांत नाही, नियम राबवणाऱ्या संपादनात आहे.

तिसरं म्हणणं असतं की, अशा प्रश्नांसाठी समुपदेशक आहेत, त्यांच्याकडे जा. जिथे जिवाला धोका आहे, मारहाण आहे, आत्महत्येचे विचार आहेत, तिथे हे शंभर टक्के खरं. तिथे चर्चा थांबवून योग्य ठिकाणचा नंबर देणं हेच कर्तव्य असतं. २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची सेवा सुरू आहे. पण बहिणीकडून पैसे मागावेत का, हा आजार नव्हे. तो जगण्यातला प्रश्न आहे, आणि त्याला अनेकांचा अनुभव लागतो. रात्री बारा वाजताही न कंटाळता ऐकणारा चॅटबॉट आता हाताशी आहे, असं काहींना वाटतं. अडचण अशी की तो ऐकतो तसाच मानही डोलावतो. 'नालायक मीच का' विभागात माणसांनी ज्यांना स्पष्टपणे दोषी म्हटलं होतं, अशांचे प्रश्न २०२५ मध्ये संशोधकांनी भाषा मॉडेलांना घालून पाहिले. त्यातल्या बऱ्याच प्रश्नांत यंत्राने विचारणाऱ्याचीच तळी उचलली. त्याच वर्षी उघड झालं की, झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी 'चेंज माय व्ह्यू'वर कुणाला न सांगता एआयकडून हजारावर प्रतिसाद लिहवून घेतले होते, त्यात बलात्कारपीडित असल्याचा बनावही होता. तिथल्या लोकांचा संताप झाला तो उत्तरं कच्ची होती म्हणून नव्हे. 'मी यातून गेलोय' हे वाक्य ज्याला म्हणण्याचा हक्क नव्हता, त्याने ते म्हटलं होतं. अनोळखी माणसाच्या सल्ल्याला वजन येतं ते त्याने काही भोगलेलं असतं म्हणून. ते वजन उसनं आणता येत नाही.

मराठी माणसांचे फेसबुक समूह, पालकांचे आणि परदेशस्थांचे ग्रुप, जुनी संकेतस्थळं अशा अनेक जागांवर असे प्रश्न रोज येतात. त्यांच्या ॲडमिनना तिथले नियम बदलण्यासाठी तंत्रज्ञ लागत नाहीत. कठीण प्रश्नावर पहिला प्रतिसाद सल्ल्याचा नको, चौकशीचा असावा. विचारणाऱ्याने त्याच दिवशी परत येऊन उत्तरं द्यावीत, नाहीतर धागा बंद व्हावा. अशा धाग्यावर लाइकची मोजदाद झाकता आली तर झाकावी. आणि काही दिवसांनी विचारणाऱ्याने आपण काय ठरवलं व कोणत्या मुद्द्यामुळे ठरवलं, हे लिहावं. मग ते मिळालेल्या सल्ल्याच्या उलट का असेना. यामुळे प्रतिसादांची संख्या घटेल आणि मजा बघायला जमणारे निघून जातील. तो तोटा पत्करावा. दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय आपल्याला घ्यायचा नाही, त्याला तो नीट घेता यावा एवढीच मदत करायची आहे, हे ज्यांना मान्य आहे ते मागे उरतील, आणि अशा कामाला तेवढी माणसं पुरतात.