ज्या दिव्याच्या उजेडात काम करावयाचे नाही

दिवा लावावयाचा तो उजेडासाठी, असे आपण सहज म्हणून जातो. यहुदी लोकांच्या हनुक्का सणातील दिवा याला अपवाद आहे. त्याच्या उजेडात वाचावयाचे नाही, पैसे मोजावयाचे नाहीत. तो नुसता पाहावयाचा. म्हणूनच त्या दिव्यांशेजारी ‘शम्माश’, म्हणजे सेवक, नावाचा आणखी एक दिवा असतो. इतरांना पेटवावे आणि उजेडाचे कामही आपल्याकडे घ्यावे, हा त्याचा धर्म.

सीरियाचा राजा चौथा अँटायोकस याने जेरुसलेमचे मंदिर भ्रष्ट केले होते. इ. स. पूर्व १६५ च्या सुमारास यहूदा मक्काबी व त्याचे बंधू यांनी ते सोडवून देवाला पुन्हा अर्पण केले. ‘हनुक्का’ म्हणजे अर्पणविधी. ताल्मूद ग्रंथातील कथेप्रमाणे तेथे मुख्य याजकाची मोहोर असलेली तेलाची एकच कुपी सापडली आणि एका दिवसाचे तेल आठ दिवस पुरले. मक्काबींच्या प्राचीन इतिहासग्रंथांत मात्र ही कुपी नाही; तेथे लढाया आहेत. लोकांनी घरात जपली ती कुपी!

किस्लेव महिन्याच्या २५ व्या तिथीपासून आठ रात्री हे दिवे लागतात. आपल्या दिवाळीप्रमाणेच या दिवसांतही अमावास्या येते. शम्मायच्या पंथाचे मत असे, की पहिल्या रात्री आठ दिवे लावून रोज एक कमी करावा. हिल्लेलचा पंथ म्हणे, एकापासून आरंभ करून वाढवीत न्यावे. पवित्र गोष्टीत चढ असावा, उतार नसावा. हेच मत रूढ झाले. आज बहुतेक घरी तेलाऐवजी मेणबत्त्या असतात, पण क्रम तोच.

दिवे दाराशी किंवा खिडकीत, वाटसरूंना दिसतील असे ठेवावयाचे. संकटाच्या काळी आत मेजावर ठेवले तरी चालतात. आणि एखाद्या गरिबाजवळ एकाच दिव्यापुरते तेल असेल तर? शास्त्र सांगते, त्याने हनुक्काचा दिवा राहू द्यावा आणि शब्बाथचा, म्हणजे शुक्रवारी सायंकाळचा घरातला दिवा लावावा. कारण अंधारात घराची शांती मोडते. चमत्काराच्या स्मृतीपेक्षा घरच्या माणसांना एकमेकांचे तोंड दिसणे मोठे मानणारा हा निर्णय मला फार थोर वाटतो.

कोकणातील बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळीत. शब्बाथला घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. तेलाच्या चमत्काराचा हा सण मात्र त्यांना पूर्वी ठाऊक नव्हता. इतर यहुद्यांशी संबंध वाढल्यावर तो त्यांच्या घरी आला.