हार्नेस गाडीचा, खातं विजेचं

रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीत तांड्यातांड्यांवरून जीप, पिकअप, ट्रॅक्टर येतात आणि त्या दिवसांत रस्त्यालगतच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला उसंत नसते. एका पिकअपचा डॅशबोर्ड उघडून तो आत वाकला होता. उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं. टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावून तो एकेक कपलर तपासत होता. दिवा पेटला नाही की वायरीचा रंग धरून मागे जात होता.

‘‘जोडून भागत नाही का, भाऊ?’’ गाडीवाल्यानं विचारलं.

‘‘भागते ना. पण चार दिवसांनी पुन्हा याल. सेटच टाका.’’

नवा सेट, म्हणजे वायरिंग हार्नेस, खोक्यातून निघाला. मापात कापलेल्या रंगीत वायरी, टोकांना दाबून बसवलेली टर्मिनल, त्यांवर प्लास्टिकचे कपलर, वरून टेप आणि नालीदार पाइप. हेडलाइटची फांदी किती लांब, फ्यूजबॉक्सची किती, हे सगळं त्या मॉडेलसाठी ठरलेलं. दुसऱ्या गाडीला तो बसणार नाही. एवढं पाहिल्यावर कोणीही म्हणेल, हा गाडीचा सुटा भाग.

पण असा सेट आयात होतो, तेव्हा सीमाशुल्काचा कायदा तसं म्हणत नाही.

टॅरिफमध्ये मोटारींचे सुटे भाग ८७०८ या शीर्षकाखाली येतात. पण वाहनांच्या सतराव्या विभागाची टीप २(एफ) सांगते, की विजेची यंत्रं आणि उपकरणं, म्हणजे ८५ व्या प्रकरणातला माल, वाहनाचा भाग म्हणून धरायचा नाही. त्या प्रकरणात ८५४४ ३० ०० या क्रमांकाखाली वाहनं, विमानं आणि जहाजांत वापरायच्या वायरिंग सेटचा नाव घेऊन उल्लेख आहे. त्यामुळे हार्नेसची जागा तिथेच.

केवळ गाडीसाठी बनलेली प्रत्येक वस्तू गाडीचा भाग ठरत नाही. मोटारीत अंथरायच्या मॅट ५७ व्या प्रकरणात, गालिच्यांमध्येच मोडतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ‘युनि प्रॉडक्ट्स’च्या खटल्यात ठरवलं. उलट २०२१ मध्ये ‘वेस्टिंगहाउस सॅक्सबी’च्या निकालात रेल्वे सिग्नलचे रिले विजेच्या प्रकरणातून काढून रेल्वेच्या खात्यात टाकले गेले. त्यावरून गोंधळ वाढला, तेव्हा केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळानं जानेवारी २०२२ मध्ये अधिकाऱ्यांना सूचना पाठवली, की तो निकाल मोटारींच्या भागांना सरसकट लावू नका.

या वादाला पैशाची धार होती. २०२१ च्या अर्थसंकल्पानं वायरिंग सेटवरचं मूळ सीमाशुल्क १५ टक्के केलं. एक लाखाच्या मालावर १५,००० शुल्क, त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार १,५००, आणि एकूण १,१६,५०० वर १८ टक्के आयजीएसटी २०,९७० : मिळून ३७,४७० रुपये. तोच माल ८७०८ मध्ये धरला, तर त्या वेळी आयजीएसटी २८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांचा दरही १८ वर आला आणि ही तफावत मिटली.

खरी डोकेफोड सेट सुटा होऊन आला की होते. नुसते कपलर ८५३६ मध्ये, नुसता प्लास्टिक पाइप ३९१७ मध्ये. सेटला फ्यूज-रिलेचा मोठा डबा जोडलेला असला, तर तो ८५३७ चा पॅनल की हार्नेसचाच अवयव, हा प्रश्न उभा राहतो. मग त्या जोडणीला मुख्य स्वरूप कशामुळे येतं, ते पाहावं लागतं. शंका मोठी असेल, तर माल निघण्याआधीच मुंबईच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

हार्नेस अजूनही बहुतांशी माणसांच्या हातांनी बोर्डावर विणला जातो. त्यामुळे मजुरी स्वस्त असलेल्या देशांत त्याचे कारखाने गेले. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधले कारखाने युद्धानं बंद पडले, तेव्हा फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूचं जर्मनीतलं उत्पादन अडलं होतं. आसियान देशांतून माल आणून शुल्कात सवलत मागायची, तर मूळ देशाचा दाखला पुरत नाही. २०२० च्या ‘कॅरोटार’ नियमांनुसार माल तिथे कसा तयार झाला, याची माहितीही आयातदाराकडे हवी. किरकोळ विक्रीच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी लागते. वापरलेले हार्नेस आणायचे, तर परदेशी व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो.

इन्व्हॉइसवर नुसतं ‘ऑटो पार्ट्स’ लिहिलं की प्रश्न सुरू होतात. पार्ट नंबर, नकाशा, फोटो आणि कशाला काय जोडलं आहे याचं दोन ओळींचं वर्णन बरोबर असलं की बहुतेक प्रश्न उद्भवतच नाहीत. २०११ पासून वर्गीकरण आणि कर स्वतः ठरवून बिल ऑफ एंट्री भरण्याची जबाबदारी आयातदारावर आहे. खोक्यात काय आहे, हे अधिकाऱ्यानं विचारण्याआधी आयातदाराला ठाऊक असावं लागतं.