नटाकडं पाह्य!

रामनवमी परवावर आली आहे. बंजारा समाजाची यात्रा भरते त्या पोहरादेवीच्या रस्त्यावर तेलंगणा, कर्नाटकच्या गाड्या एकामागून एक वळताहेत. आरसेकामाच्या फेटिया-कांचळीतल्या बायका उतरल्या उतरल्या संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दिशेनं हात जोडतात. पलीकडे नंगारा या वाद्याच्या आकाराची बंजारा विरासत संग्रहालयाची इमारत तापते आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये तिचं उद्घाटन झालं.

रस्त्यावरच्या कमानीचे लोखंडी पाइप उभे झालेत. वर पांढरं कापड बांधायचं राहिलंय. शिडीच्या मध्यावर विशीतला एक पोरगा थिजला आहे. हात पाइपाला घट्ट, पाय लटलट कापताहेत. सुतळीचा गुंडा सुटून खाली येतो आणि मांडववाली पोरं खिदळतात.

"चढ ना बे! मुंग्या आल्या का पायाले?"

"चूप बसा रे!" मांडवाचं काम पाहणारे मामा गरजतात. शेजारच्या शिडीवर चढून ते पोऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याचा हूक आधी ओढून पाहतात. मग हळू आवाजात म्हणतात, "भेव वाटते ना? वाटू दे. एक पायरी खाली ये, पन शिडी सोडू नोको. खाली नोको पाहू, दूर बी नोको पाहू. या नटाकडं पाह्य."

पोरगा एक पायरी उतरतो. नाकासमोर गंजलेला नट. तो पाहत राहतो.

मामांचा हा नट नुसता धीर नाही. जमिनीवर उभं असताना आपलं शरीर किंचित डुलतच असतं. जवळच्या वस्तूंच्या आधारानं डोळ्यांना ते कळतं आणि तोल सावरतो. उंचावर आजूबाजूचं सगळं लांब जातं, डोळ्यांना डुलणं टिपता येत नाही आणि पाय अधांतरी वाटू लागतात. म्हणून नजरेला जवळची, न हलणारी वस्तू द्यायची. आणि भीतीच्या ऐन भरात पळ काढायचा नाही. पळालं की सुटका वाटते खरी, पण पुढच्या वेळी भीती आणखी घट्ट होऊन बसते. मानसोपचारातही उंचीची भीती अशीच पायरी-पायरीनं, प्रत्येक पायरीवर थांबून घालवतात.

"श्वास सोड," मामा म्हणतात. त्यांना घाई नाही. खाली एक ट्रॅक्टर भोंगा वाजवत थांबला आहे. त्याला ते हातानंच थोपवतात.

पायांची लटलट कमी होते. पोरगा एक पायरी चढतो, थांबतो. मग आणखी एक. कापडाचं टोक हाती येतं. पहिली गाठ सैल पडते, ती सोडून तो दुसरी मारतो. आता कोणी हसत नाही.

उतरल्यावर तो घटाघटा पाणी पितो. यात्रा झाली की पुण्याला बांधकामावर जायचं आहे म्हणतो. इथल्या बंजारा तांड्यांमधून अशी कितीतरी माणसं कामासाठी बाहेर पडतात. "भेव गेलं का?" मी विचारतो.

"नाई गेलं. पन आता काम करता येते."

ज्यांच्या हाताखाली अशी पोरं उंचावर चढतात, त्यांनी एवढं करावं: खालून टोमणे मारू नयेत. शिडी धरावी, पट्टा तपासावा आणि माणसाला त्याच्या पायरीवर हवा तेवढा वेळ द्यावा.