बॅकलॉगला कात्री लावा

पुण्यात खराडीला माझं ऑफिस आहे. आम्ही रुग्णालयांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो आणि मी त्याची प्रॉडक्ट ओनर आहे. सॉफ्टवेअरमध्ये पुढे काय करायचं, कशाला आधी हात घालायचा आणि काय मुळीच करायचं नाही, हे ठरवणं माझं काम. कोड लिहिणारे डेव्हलपर एका बाजूला, ग्राहक, सेल्स, सपोर्ट दुसऱ्या बाजूला, मधे मी. सकाळी लॅपटॉप उघडताच सेल्सचा मेसेज दिसतो, "तेवढं एक छोटंसं टाका ना, उद्या डेमो आहे." त्याखाली सपोर्टच्या तक्रारी, त्याखाली डेव्हलपरच्या शंका. या पदावरची कितीतरी मंडळी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून डबा खातात.

सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने बनवण्याच्या अजाइल पद्धतीचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे जमलेल्या सतरा जणांनी लिहिला. त्यांच्यापैकी केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी स्क्रम ही पद्धत १९९५ मध्येच मांडली होती. माझं हे पद त्या स्क्रममधलंच. महिनाभराच्या किंवा त्याहून छोट्या टप्प्यात, म्हणजे स्प्रिंटमध्ये, वापरता येईल असं काहीतरी पूर्ण करायचं. बाकीची कामं क्रमवार लावून बॅकलॉग नावाच्या यादीत ठेवायची. २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्या आहेत. प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नसते. आणि तिचे निर्णय सगळ्या संस्थेने मानायचे असतात. पहिली गोष्ट कंपन्या आनंदाने पाळतात, कारण त्यात एकाच पगारात भागतं. दुसऱ्या गोष्टीकडे सोयीस्कर दुर्लक्ष होतं.

नवे प्रॉडक्ट ओनर मला वेळेच्या नियोजनाबद्दल विचारतात. कोणतं ॲप वापरू, पहाटे उठू का? माझं मत असं की दुखणं घड्याळात नाहीच, यादीत आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांविषयीचा एक नियम गणिताने सिद्ध केला. त्याचा सरळ अर्थ असा: यादीत ४०० कामं असतील आणि टीम दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये २० उरकत असेल, तर आज शेवटी टाकलेल्या कामाचा नंबर ४० आठवड्यांनी लागेल. तोपर्यंत मागणारा माणूस नोकरी बदलून गेलेला असतो. पण ती ४०० कामं दर आठवड्याला वाचायची, वर-खाली करायची, "माझं कुठवर आलं?" याला उत्तरं द्यायची, हे सगळं प्रॉडक्ट ओनरच्या माथी. म्हणून सहा महिन्यांत ज्याला कोणी हात लावला नाही ते काम मी मागणाऱ्याला कळवून यादीतून काढून टाकते. खरी गरज असलेला माणूस पुन्हा येतो. बहुतेक जण येत नाहीत.

दुसरा भार आपण स्वतः ओढवून घेतो, तो निरोप्याचा. एका रुग्णालयाने डिस्चार्जच्या बिलासाठी वेगळा रिपोर्ट मागितला होता. पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे मी बसून पानभर तपशील लिहिला असता, मग डेव्हलपरच्या शंका, मग रुग्णालयाला फोन, मग पुन्हा दुरुस्ती. त्याऐवजी डेव्हलपरलाच बिलिंग काउंटरवरच्या ताईंशी व्हिडिओ कॉलवर बसवलं. ताईंनी स्क्रीन दाखवली. खोलीभाडं, औषधं, तपासण्या, डॉक्टरांची फी असे आकडे त्या आमच्या बिलावरून बघून विमा कंपनीच्या फॉर्ममध्ये भरत होत्या, आणि दोन्हीकडचा क्रम वेगळा असल्याने दर ओळीला त्यांचं बोट वर-खाली फिरत होतं. समोर कॅशलेसच्या मंजुरीसाठी खोळंबलेले नातेवाईक. नवा रिपोर्ट नकोच होता, बिलावरचा क्रम तेवढा बदलायचा होता. डेव्हलपरने तो त्याच दिवशी बदलला. मला एक ओळसुद्धा लिहावी लागली नाही. स्क्रम गाइडलाही हे मान्य आहे: बॅकलॉगचं काम दुसऱ्याकडे सोपवता येतं, जबाबदारी मात्र प्रॉडक्ट ओनरचीच राहते.

मीटिंगांचं म्हणाल तर, माझ्या निर्णयावाचून जिथे काही अडत नाही तिथे मी जात नाही. कोणी रागावलेलं नाही.

राहता राहिला नकार. वरिष्ठांना "नाही" म्हणणं आपल्याकडे जड जातं, हे मला ठाऊक आहे. मी नुसतं नाही म्हणत नाही. चालू स्प्रिंटची यादी त्यांच्यासमोर ठेवते आणि विचारते, "सर, हे घ्यायचं तर यातलं कोणतं काढू?" अनेकदा ते स्वतःच म्हणतात, "राहू दे, पुढच्या वेळी बघू."

पण वरिष्ठांनी रोज प्रॉडक्ट ओनरचा निर्णय फिरवला, तर कुठलीच युक्ती चालणार नाही. म्हणून ही विनंती प्रॉडक्ट ओनरना नाही, त्यांना नेमणाऱ्यांना आहे. एका माणसाच्या गळ्यात तीन-तीन टीम बांधू नका, आणि त्याने यादीतून काढलेलं काम मागच्या दाराने परत आत ढकलू नका.