आधी तळ, मग कागद, शेवटी किंमत

वसईतील आमच्या एका स्नेह्यांना दुकान व घर यांसाठी जुनी छोटी गाडी घ्यावयाची होती. समोर मारुतीच्या दोन गाड्या होत्या, दोन्ही २०१५ सालच्या. अल्टो स्वस्त होती. वॅगन आर उंच असल्याने गुडघेदुखीच्या मातोश्रींना चढणे-उतरणे सुकर होते. स्नेह्यांचे मन किमतीकडे झुकले.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसरात अनेक दिवस पाणी साचले होते. ते स्मरून मी अल्टोचा सीटबेल्ट अखेरपर्यंत ओढून पाहिला. त्यावर गढूळ पाण्याची रेघ होती. स्टेपनीखाली वाळलेला गाळ.

वॅगन आर कोरडी होती, परंतु तिच्या आरसीवर बँकेच्या तारणाची नोंद कायम होती. कर्ज फिटले एवढ्याने ती नोंद पुसली जात नाही; बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ आरटीओत द्यावा लागतो. हा दोष कागदाने दूर होतो, गाळाचा होत नाही.

विक्रेत्याने नोंद उतरवून आणली, तेव्हाच स्नेह्यांनी पैसे दिले. फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्या. विमाही १४ दिवसांच्या आत नावावर करण्यास अर्ज दिला.

उधारी देताना आपण माणूस पारखतो. गाडी घेतानाही तीच सवय उपयोगी पडते.