तीनशे चौदा सामन्यांची सूत्रधार

बास्केटबॉलमध्ये चेंडू जाळीत टाकणाऱ्या खेळाडूचे नाव फलकावर झळकते. तो चेंडू तिच्या हाती नेमक्या क्षणी कोणी दिला, याची आठवण प्रेक्षकांना क्वचितच राहते. नाटकाचा प्रयोग संपल्यावर टाळ्या नायक-नायिकेला मिळाव्यात आणि सूत्रधार विंगेत उभा राहावा, तसाच हा प्रकार. मात्र स्पेनच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघाकडून सर्वाधिक सामने खेळण्याचा मान अशाच एका सूत्रधार खेळाडूकडे जातो. लाया पालाऊ हे तिचे नाव. २००२ ते २०२१ या काळात ती देशासाठी तब्बल ३१४ सामने खेळली. स्पेनच्या पुरुष संघातील नामांकित खेळाडूही या आकड्यापर्यंत पोहोचू शकलेले नाहीत.

पालाऊ 'पॉइंट गार्ड' या जागेवर खेळत असे. संघात पाच खेळाडू असतात आणि त्यांतील उंच खेळाडू जाळीच्या जवळ लढतात. पॉइंट गार्डचे काम वेगळे असते. आपल्या बाजूने चेंडू घेऊन ८ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची, प्रतिस्पर्ध्यांची मांडणी न्याहाळायची आणि २४ सेकंदांच्या मुदतीत आपल्यापैकी कोणाला मोकळी जागा मिळेल याचा अंदाज बांधून चेंडू तेथे पोहोचवायचा, ही तिची जबाबदारी. ज्या पासमुळे थेट गुण होतो, त्याला 'असिस्ट' म्हणतात. पालाऊची ओळख तिने केलेल्या गुणांपेक्षा अशा पासेसनी आणि बचावातील चिवटपणानेच घडली. या जागेला उंचीपेक्षा डोके अधिक लागते आणि डोके वयाबरोबर थकत नाही. तिची कारकीर्द इतकी लांबली, त्यामागील एक कारण बहुधा हेच असावे.

बार्सिलोनाचा वारसा

पालाऊचा जन्म १० सप्टेंबर १९७९ रोजी बार्सिलोनात झाला. याच शहरात १९९२ मध्ये ऑलिम्पिक स्पर्धा भरली, तेव्हा ती बारा वर्षांची होती. यजमान या नात्याने स्पेनच्या महिला बास्केटबॉल संघाला ऑलिम्पिकमध्ये प्रथमच प्रवेश मिळाला आणि त्या संघाने पाचवा क्रमांक पटकावला. पुढच्याच वर्षी इटलीतील पेरुजिया येथे स्पेनने युरोपीय अजिंक्यपद जिंकले. घरच्या ऑलिम्पिकसाठी घेतलेल्या परिश्रमांचे ते फळ होते. परंतु या यशाची पुनरावृत्ती होण्यास वीस वर्षे लागली.

या वीस वर्षांच्या पूर्वार्धात संघाचा भार प्रामुख्याने आमाया वाल्देमोरो हिने वाहिला. अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये ह्यूस्टन कॉमेट्स संघाबरोबर तीन विजेतेपदे अनुभवलेली ही आक्रमक खेळाडू स्पेनचा चेहरा होती. पालाऊ २००२ मध्ये संघात आली ती तिच्या सावलीत. २००३, २००५ आणि २००९ मध्ये युरोपीय स्पर्धेत कांस्य, २००७ मध्ये रौप्य आणि २०१० मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य असा संघाचा आलेख राहिला. जागतिक स्पर्धेतील ते स्पेनच्या महिलांचे पहिले पदक होते. पदके मिळत होती, पण सुवर्ण हुलकावणी देत होते.

विजेता क्लबच बंद पडतो तेव्हा

महिला बास्केटबॉलमधील यश किती अस्थिर पायावर उभे असते, हे समजून घेण्यासाठी पालाऊच्या आयुष्यातील २०११ आणि २०१२ ही दोन वर्षे पुरेशी आहेत. २०११ च्या युरोपीय स्पर्धेत स्पेनची नवव्या क्रमांकापर्यंत घसरण झाली. परिणामी लंडन ऑलिम्पिकचे दरवाजे बंद झाले. ऑलिम्पिक चार वर्षांतून एकदाच येते. तिशी ओलांडलेल्या खेळाडूसाठी एक ऑलिम्पिक हुकणे म्हणजे कदाचित शेवटची संधी हुकणे.

क्लबच्या पातळीवर चित्र नेमके उलट दिसत होते. पालाऊ तेव्हा व्हॅलेन्सियाच्या रोस कासारेस या क्लबकडून खेळत होती. पोलाद व्यवसायातील उद्योगसमूहाच्या पाठबळावर उभा राहिलेला हा संघ २०१२ मध्ये इस्तंबूल येथे युरोलीगचा विजेता ठरला. अंतिम सामन्यात त्याने माद्रिदजवळच्या रिवास या स्पॅनिश क्लबलाच हरविले. युरोपातील सर्वोच्च क्लब स्पर्धेचे दोन्ही अंतिम स्पर्धक स्पेनचे, ही अभिमानाची बाब होती. मात्र स्पेन त्या वेळी आर्थिक मंदीत होरपळत होता. विजेतेपदाला काही महिने उलटतात न उलटतात तोच रोस कासारेसने आपला व्यावसायिक संघ गुंडाळला. युरोपविजेत्या खेळाडूंवर नवा क्लब शोधण्याची वेळ आली.

तिकिटविक्री आणि दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मिळणारे उत्पन्न तुटपुंजे असल्याने महिलांचे क्लब बहुतांशी प्रायोजकावर किंवा स्थानिक प्रशासनाच्या मदतीवर अवलंबून असतात. प्रायोजकाने हात आखडता घेतला की करंडकही संघाला वाचवू शकत नाही. पालाऊने पोलंडमधील पोल्कोविस क्लबची वाट धरली. त्याआधी ती फ्रान्समध्ये बूर्ज येथे खेळून आली होती. पोलंडनंतर प्रागच्या क्लबबरोबर २०१५ मध्ये तिने युरोलीग दुसऱ्यांदा जिंकली.

अमेरिकेच्या 'डब्ल्यूएनबीए'मध्ये मात्र ती कधीच खेळली नाही. त्या लीगचा हंगाम उन्हाळ्यात असतो आणि राष्ट्रीय संघांच्या मोठ्या स्पर्धाही बहुधा याच काळात येतात. अमेरिकेत मिळू शकणाऱ्या प्रसिद्धीला ती मुकली, पण तिचे उन्हाळे स्पेनच्या वाट्याला आले. ३१४ या आकड्याचे गमक यातही दडलेले आहे.

सुवर्णकाळ

लंडनची संधी हुकल्यावर लुकास मोंडेलो यांच्याकडे प्रशिक्षकपद आले आणि २०१३ मध्ये चित्र पालटले. फ्रान्समधील युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्पेनने यजमानांना त्यांच्याच भूमीवर ७० विरुद्ध ६९ असे अवघ्या एका गुणाने नमविले. त्याच वर्षी वाल्देमोरोने निवृत्ती घेतली आणि वडीलकीची भूमिका पालाऊकडे आली. आल्बा टोरेन्ससारख्या गुणांचा पाऊस पाडणाऱ्या खेळाडू आता तिच्या पासेसची वाट पाहत होत्या.

२०१४ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य, २०१५ मध्ये युरोपीय कांस्य आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिक. उपांत्यपूर्व फेरीत तुर्कस्तानविरुद्ध आना क्रूझने अखेरच्या क्षणी केलेल्या बास्केटमुळे स्पेनने ६४-६२ असा निसटता विजय मिळविला. उपांत्य फेरीत सर्बियाला हरवून संघ अंतिम फेरीत धडकला. तेथे अमेरिकेने १०१-७२ असा सहज विजय मिळविला, तरी स्पेनच्या महिला बास्केटबॉलचे पहिले ऑलिम्पिक पदक निश्चित झाले होते. पालाऊ तेव्हा ३६ वर्षांची होती. पुढे २०१७ आणि २०१९ मध्ये फ्रान्सलाच हरवून स्पेनने युरोपीय सुवर्णपदके पटकावली. त्यांच्या मधल्या वर्षी मायदेशात झालेल्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदकही मिळाले. अशा रीतीने राष्ट्रीय संघाबरोबर पालाऊच्या खात्यावर एकूण १२ पदके जमा झाली.

सूत्रधारानंतर

टोकियो ऑलिम्पिक लांबणीवर पडून २०२१ मध्ये झाले. वयाच्या ४१ व्या वर्षी पालाऊ तेथे खेळली. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सकडून पराभव झाल्यावर तिने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला आणि २०२२ मध्ये जिरोना क्लबकडून खेळत कारकिर्दीची सांगता केली.

तिची जागा भरून काढणे सोपे नव्हते. २०२२ च्या जागतिक स्पर्धेसाठी स्पेन पात्रही ठरू शकला नाही. २०२३ आणि २०२५ या दोन्ही युरोपीय स्पर्धांत संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, पण दोन्ही वेळा बेल्जियमने सुवर्ण हिरावून नेले. २०२५ च्या अंतिम सामन्यात तर अखेरच्या मिनिटांत हातात असलेली मोठी आघाडी स्पेनने गमावली आणि ६५-६७ असा दोन गुणांनी पराभव पत्करला. एखाद्या पराभवाचे खापर एका खेळाडूच्या अनुपस्थितीवर फोडणे अन्यायाचे ठरेल. तथापि घड्याळाचे काटे पळू लागले असता चेंडू शांतपणे हाती धरून 'आता काय करायचे' हे ठरविणारे कोणीतरी संघात लागते, एवढे त्या दोन गुणांनी निश्चितच दाखवून दिले. पालाऊने १९ वर्षे नेमके हेच काम केले. फलकावर त्याची वेगळी नोंद होत नसली, तरी स्पेनच्या पदकांमध्ये ती आहे.